थंड पाण्याची खूण

मारेगावच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीचं दुकान कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. वासच तिकडं घेऊन जातो. पोत्यावर सुकटीचा ढीग, शेजारी झिंगे आणि एका बाजूला काड्यांसारखे वाळलेले बोंबील. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी थोडी सुकट घेऊन ठेवतात. भाजी महागली की ती लसूण-तिखट घालून तव्यावर परतायची, नाहीतर वांग्यात टाकायची. बापाचं बोट धरून आलेलं पोरगं त्या ढिगापाशी थांबतं आणि विचारतं, "बाबा, हे आपल्या नदीतले मासे होय का?" 

"नाही बेटा, समुद्रातले."

"मंग तेथून कोन पकडते?"

बाबा सुकटीचा भाव विचारण्यात गुंततो. त्यानंही समुद्र पाहिलेला नसतो. मारेगावहून मुंबईचा किनारा सातशे किलोमीटरांहून लांब आहे. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं एक जुनं उत्तर असं आहे: तुझ्याएवढंच एक पोरगं आणि तुझ्या बाबासारखाच एक बाप. हिवाळ्याच्या रात्री, थंड पाण्यावर. हे उत्तर आज कितपत खरं उरलंय, ते बघण्यासाठी शंभरेक वर्षं मागं जावं लागेल.

समुद्रालाही धुरे असतात

बोंबील हा विचित्र मासा आहे. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून तो ताजा फार टिकत नाही आणि वाळवल्यावर असा काडी होतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मुख्यतः सौराष्ट्र आणि उत्तर महाराष्ट्राच्या पाण्यात सापडतो. खाली केरळकडं तो जवळजवळ नाही. पुन्हा भेटतो तो थेट बंगालच्या उपसागरात. त्याचं आवडतं खाणं म्हणजे जवळा, अगदी बारीक कोळंबी. हाच जवळा वाळला की विदर्भाच्या बाजारात त्याला सुकट म्हणतात. म्हणजे मारेगावच्या त्या दुकानात खाणारा आणि खाल्ला जाणारा शेजारी शेजारी मांडलेले असतात.

बोंबील धरायचं जुनं जाळं म्हणजे डोल. एका टोकाला मोठं तोंड, दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी, अशी लांबलचक पिशवी. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकायचे आणि त्यांना हे जाळं बांधायचं. माशाचा पाठलाग करायचा नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह वाहतो, त्याच्याबरोबर मासा येतो आणि पिशवीत अडकतो. प्रवाह थांबला की जाळं ओढायचं, उलट दिशेला वाहू लागला की पुन्हा लावायचं.

खुंट ठोकण्याच्या जागांना कव म्हणतात. कुठली कव कुणाची, हे गावागावांत आणि घराघरांत ठरलेलं असे आणि बापाकडून पोराकडं येत असे. वरून पाहिलं तर समुद्र सगळा सारखाच. पण कोळ्याच्या नजरेला त्यात शेताच्या धुऱ्यांसारखे धुरे दिसत. धुऱ्यावरून शेजाऱ्यांची भांडणं होतात तशी कवींवरूनही होतात. वसई-उत्तनच्या डोलवाल्यांचा आणि पालघर-सातपाटीकडच्या मच्छीमारांचा कवींवरून चाललेला वाद दशकांपासूनचा आहे. सातबारा मात्र समुद्राला नव्हता. सगळा कागद बापाच्या डोक्यात होता आणि त्याची नक्कल काढण्याची एकच पद्धत होती: पोराला होडीत घेऊन जाणं.

एक सफर

अशी एक सफर डोळ्यांपुढं आणू. इंजिन यायच्या आधीचे दिवस, मार्गशीर्ष किंवा पौष महिना. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. परीक्षा झाली की विसरतो. शिडाच्या होडीसाठी तो धडा म्हणजे येण्याजाण्याचं वेळापत्रक होतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडं वाहणारा मतलई वारा होडी बाहेर न्यायचा. दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा ती परत आणायचा.

निघायची वेळ भरतीवर ठरे. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला आणि अमावास्येला अकरा-साडेअकराच्या पुढं. तेव्हा उधाण असतं, पाणी जोरात वाहतं, डोल फुगते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे प्रवाह मंद आणि मासा कमी. लिहिता-वाचता न येणारं पोर हा पाढा आधी शिके.

होडीत पोराचं पहिलं काम म्हणजे आत झिरपलेलं पाणी उपसणं. मग दोर गुंडाळणं, चुलीकडं बघणं. जाळ्याला हात लावायला वेळ असे. पण शिकणं पहिल्या रात्रीपासून सुरू होई. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडे आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून मोजे. दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तो एक वाव. दहा वाव पाणी, बारा वाव पाणी. इंग्रजांच्या फॅदमचं मापही असंच, पसरलेल्या हातांएवढं. पोरानं तीच दोरी मोजली तर आकडा मोठा येणार, कारण पोराचे हात लहान. समुद्राची खोली खरी किती, हे कळायला आधी वाढावं लागे.

किनाऱ्यावरच्या खुणाही अशाच. डोंगराचं टोक आणि त्याच्या पुढचं देऊळ एका रेषेत आलं, दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज आणि एखादं ताडाचं झाड एका रेषेत आलं, की दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आपली कव. डहाणूकडच्या होड्यांना महालक्ष्मीचा सुळका लांबून दिसे, वसईकडं तुंगारेश्वराचा डोंगर. भूमितीच्या पुस्तकात दोन रेषांच्या छेदबिंदूनं जागा ठरते हे आपण शिकतो. इथं तेच बोट दाखवून शिकवलेलं.

आणि मग पाणी. पाण्याचा रंग, वास, त्यावर उतरणारे पक्षी, बाहेर सोडलेल्या हाताला लागणारा गारवा. हिवाळ्यात उत्तरेकडचा कोरडा वारा जमिनीवरून समुद्रावर येतो आणि वरचं पाणी थंड करतो. थंड झालेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि खालचं पाणी वर येतं. त्या पाण्यात अन्नक्षार असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासा. मे महिन्यात तिशीच्या आसपास गेलेलं मुंबईजवळचं पाणी जानेवारीत पंचविशीच्या आसपास उतरतं. या चार-पाच अंशांवर जवळ्याचं आणि बोंबलाचं गणित बरंच अवलंबून आहे. तांडेलाला अन्नक्षार हा शब्द माहीत नव्हता. पाणी कधी बदललं ते माहीत होतं.

आजोबा, नातू आणि थर्मामीटर

पाण्याच्या गारव्यावरून समुद्र ओळखायचा, ही गोष्ट विज्ञानातही मच्छीमारांकडूनच आली. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकन वसाहतींच्या टपालखात्याचा प्रमुख अधिकारी होता. इंग्लंडहून येणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा जास्त दिवस का लागतात, असा प्रश्न त्याच्यापुढं आला. उत्तर दिलं त्याच्या नात्यातल्या टिमथी फोल्जर नावाच्या कप्तानानं. फोल्जर नँटकेटच्या देवमासे मारणाऱ्या खलाशांमध्ये वाढलेला होता. तो म्हणाला की समुद्रात गल्फ स्ट्रीम नावाची एक उबदार नदी वाहते, टपालाची जहाजं तिच्या उलट दिशेनं येतात आणि अडकतात. आम्हाला हे माहीत आहे, कारण देवमासा त्या नदीच्या कडेनं सापडतो, आत नाही.

१७७५ मध्ये लंडनहून फिलाडेल्फियाला परतताना फ्रँकलिन रोज जहाजावरून थर्मामीटर पाण्यात सोडत होता. बरोबर त्याचा नातू टेंपल होता, पंधरा वर्षांचा. उबदार आणि थंड पाण्याची कड कुठं लागते ते आकड्यांत नोंदलं जात होतं. खलाशाच्या हातात असलेलं ज्ञान अशा रीतीनं कागदावर आलं, आणि कागदावर आल्यामुळं ते कुणालाही वाचता आलं.

आपल्याकडं कागद फार उशिरा आला. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी मोहीम काढली. भारत त्यात होता. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. तिचं मुख्यालय आज गोव्यात, दोना पावलाला आहे. तोवर अरबी समुद्राच्या गारव्याची बरीचशी नोंद होड्यांमध्येच होती.

कापसाची गोदी, माशांची गोदी

वऱ्हाड आणि मुंबईचा समुद्र यांचं नातं मात्र सुकटीच्याही आधीचं आहे. कुलाब्याची ससून गोदी १८७५ साली बांधून झाली. पश्चिम भारतातली ती पहिली बंदिस्त गोदी, आणि ती बांधणाऱ्या ससून घराण्याचा कापसाच्या व्यापारात मोठा हात होता. त्या काळी मुंबईचा कापूसबाजारही कुलाब्यातच होता. वऱ्हाडातला कापूस रेल्वेनं मुंबईला जाई आणि तिथून बोटीनं परदेशी. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो त्याचं नाव तेव्हा 'वूण', म्हणजे वणी जिल्हा होतं. मारेगाव या वणीच्या शेजारचंच.

कापूसबाजार पुढं शिवडीकडं गेला आणि ससून गोदी माशांची झाली. आज तिथं पहाटे कोळणींची आणि व्यापाऱ्यांची गर्दी असते. ज्या किनाऱ्याकडं इथला कापूस गेला, त्याच किनाऱ्याकडून इथं सुकी मासळी आली.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मासेमारी सरकारच्या नजरेत आली. देशाला अन्न हवं होतं. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र सुरू झालं. त्याचंच आजचं रूप म्हणजे भारतीय मत्स्य सर्वेक्षण. १९५० आणि ६० च्या दशकांत सहकारी संस्थांमार्फत कर्ज मिळू लागलं आणि शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिनं बसू लागली. सुती आणि सणाच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं. बर्फ आला. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी राहिली. आता मासेमारी वर्गात बसूनही शिकता येणार होती.

यात होडीतलं पोर कुठं बसतं बघा. शिडाची होडी वाऱ्यावर चालत होती, म्हणून वारा शिकावा लागे. इंजिनाला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. एका रात्रीत परतणारी होडी बर्फ भरून अनेक दिवस बाहेर राहू लागली. आणि शाळा रोज सकाळी भरते. दोन्ही गोष्टी एकाच पोराला जमणं कठीण झालं. बऱ्याच बापांनी शाळा निवडली, आणि ते बरोबरच होतं.

इंजिनाबरोबर कर्जही आलं. कर्ज फेडायला मासा जास्त हवा, मासा जास्त हवा तर जाळं मोठं हवं, मोठ्या जाळ्याला मोठी बोट हवी. मारेगावच्या वाचकाला ही साखळी ओळखीची वाटेल; बियाणं, खत, फवारणी आणि बँक अशी तीच साखळी शेतातही आहे. यांत्रिक बोटी आणि लहान होड्या यांच्यातली भांडणं वाढली, तेव्हा राज्यानं १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर राज्याचे नियम लागू झाले. त्याच्या पुढं दोनशे मैलांपर्यंतचं पाणी केंद्राकडं; तो कायदा १९७६ चा.

आकाशातून दिसणारा गारवा

मग पाण्यात हात घालायचं कामही यंत्राकडं गेलं. उपग्रहाला समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान वरून मोजता येतं, आणि पाण्याच्या रंगावरून त्यातली सूक्ष्म वनस्पती किती आहे तेही कळतं. भारताचा ओशनसॅट-१ उपग्रह मे १९९९ मध्ये गेला, ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ मध्ये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा माहितीवरून मासेमारीच्या संभाव्य जागांच्या सूचना देते. मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांमध्ये त्या बंदरांतल्या फलकांवर आणि फोनवर येतात. सूचनेमागचं तत्त्व फोल्जरनं सांगितलं तेच: थंड आणि उबदार पाण्याची कड शोधा, मासा कडेला असतो.

ही सोय लहान नाही. इंधन वाचतं, वेळ वाचतो. वादळाची सूचना तर जीव वाचवते. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळ कोकणावर आलं, तेव्हा अनेक बोटी समुद्रात होत्या आणि माणसं गेली. मागून येणारं वादळ कुठल्याही बापाच्या हाताला पाण्यातून कळत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' आलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या कित्येक बोटींनी सिंधुदुर्गात देवगडला आसरा घेतला. जुन्या दिवसांत सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यानं एकदा किनाऱ्यावरच्या विधवांना विचारावं.

पण उपग्रहाला पाण्याचा वरचा थर दिसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर खालून जे थंड पाणी वर येतं, त्यात अन्नक्षार भरपूर पण प्राणवायू फार कमी असतो. २००० मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की आपल्या किनाऱ्यालगत अशा पाण्यातली प्राणवायूची टंचाई वाढते आहे. म्हणजे थंड पाणी दिसलं की मासा असतोच असं नाही; काही थंड पाण्यातून मासा पळ काढतो. हा फरक ओळखायला पट्टीचा तांडेल आणि पट्टीचा शास्त्रज्ञ दोघंही लागतात. एकाकडं आकडे आहेत, दुसऱ्याकडं त्या एका जागेची चाळीस वर्षं.

मोकळी जागा

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेट, म्हणजे सरंगा, हा राज्यमासा जाहीर केला. त्या वेळचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार हे चंद्रपूर जिल्ह्यातले, म्हणजे मारेगावकरांच्या वर्धा नदीपलीकडचेच. सातपाटीचं पापलेट नावाजलेलं, पण लहान पिल्लंच जाळ्यात येऊ लागली म्हणून त्याला वाचवायची पाळी आली. त्याच वर्षी राज्यानं ५४ प्रजातींसाठी धरायचा कमीत कमी आकार ठरवून दिला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. माशाला अंडी घालायला वेळ देण्याचं काम तो सण आपोआप करायचा. आता त्याच कामासाठी परिपत्रक निघतं.

दरम्यान होड्यांवरची माणसं बदलली. रत्नागिरीच्या बंदरांत आज नेपाळहून आलेले खलाशी मोठ्या संख्येनं दिसतात. ज्यांच्या गावापासून समुद्र मारेगावाइतकाच लांब, ते लोक आज आपला मासा धरतात. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, कुठल्या बोटीवर कोण आहे याची नोंद सुरू झाली. ते गरजेचंच होतं. पण बापाबरोबर सहज होडीत चढून बसलेलं पोर आता अवघडच.

तांडेलाचा मुलगा आज बँकेत आहे, मुलगी नर्स आहे, आणि त्याला त्याचा अभिमान आहे. "समुद्रावर येऊ नकोस," हे त्यानंच सांगितलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य थोड्या फरकानं घरोघरी बोललं जातं. "शेती करू नको बेटा, नोकरी पाहा." कापसाच्या शेतकऱ्यानं पोराला असं सांगण्यामागं काय काय सोसलेलं असतं ते इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पोराला वाचवण्यासाठीच बाप स्वतःचं ज्ञान स्वतःपाशी ठेवतो. या दोन बापांची कधी भेट झालेली नाही, पण ते एकच गोष्ट करत आहेत.

त्यात चूक कुणाचीच नाही. मात्र एक हिशेब राहून जातो. फोल्जरनं फ्रँकलिनला सांगितलं आणि ते कागदावर उतरलं, म्हणून अडीचशे वर्षांनी आपण ते वाचतो. तांडेलानं पोराला सांगायचं थांबवलं आणि दुसऱ्या कुणी विचारलं नाही, तर ते कुठंच उतरत नाही. मत्स्य शिक्षण संस्था मुंबईत आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरात तेलंगखेडीलाही आहे. म्हणजे मारेगावचं पोरही आता मासेमारी शिकू शकतं. पण 'आमच्या कवीवर पौषातलं पाणी कसं असतं' याचा तास कुठंच होत नाही. वर्धा नदीवर जाळं टाकणाऱ्या भोई-धिवरांच्या घरांतही गोष्ट हीच. मरळ कुठल्या काठाला लपते, हिवाळ्याच्या पहाटे वांब कुठं सापडते, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तेव्हा बाजारातल्या त्या पोराला पूर्ण उत्तर द्यायचं तर असं द्यावं लागेल: हे मासे आधी तुझ्याएवढं पोर आणि त्याचा बाप मिळून धरायचे. आता पोर शाळेत जातं. बाप म्हातारा झालाय. होडीवर दुसराच कुणाचा तरी बाप असतो, त्याचं पोर फार लांब आहे.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये आवाज साठवायची सोय आहे. आज रात्री तुमच्या बाबाला एक गोष्ट विचारा. शेत असेल तर पेरणीआधी माती हातात घेऊन तो काय बघतो ते विचारा. नदी असेल तर पाण्याबद्दल विचारा. "तुला काय करायचं त्याचं?" असं तो आधी म्हणेलच. थोडा वेळ गप्प बसा. मग तो बोलेल.